झिपर डिपरला शाल-श्रीफळ

एस्सेल वर्ल्ड बंद झाल्याची बातमी मला एका लग्नाच्या पंगतीत कळली. जिलेबी वाढून घेता घेता शेजारचे गृहस्थ सहज म्हणाले, "ते तर केव्हाच बंद झालं की!" आमच्या रांगेतली चाळिशी ओलांडलेली सगळी माणसं घास हातात धरून थांबली. मोबाइल निघाले. खरंच होतं. 1989 मध्ये गोराईला सुरू झालेलं मनोरंजन उद्यान 2022 मध्ये बंद पडलं होतं, शेजारचं वॉटर किंगडम तेवढं चालू होतं. "आपण शेवटचं कधी गेलो होतो रे?" असं एकाने विचारलं आणि कुणालाच सांगता येईना. आइस्क्रीम आल्यावर शोकसभा संपली, हेही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

तसं बंद होणं आमच्या भिवंडीला नवं नाही. इथे लूमचा कारखाना बंद होतो, हातोडे घालून लूम मोकळे करतात, किलोच्या भावाने भंगारात देतात आणि थोड्याच दिवसांत त्याच शेडमध्ये खोक्यांच्या थप्प्या लागतात. कुणी हार घालत नाही, कुणी फोटो काढत नाही. मेहताजी वह्या बांधून दुसऱ्या शेटकडे जातात. पण लूम शेटचा असतो. एस्सेल वर्ल्डमधला झिपर डिपर रोलर कोस्टर आमचा होता. त्याचा हिशेब चुकता न करता तो गेला याची रुखरुख वेगळी. दोष कुणाला द्यायचा? करोनाची दोन वर्षं गेली, मुलं मोठी झाली, आपण "पुढच्या सुट्टीत जाऊ" म्हणत राहिलो. मागची खेप शेवटची होती, हे त्या दिवशी ठाऊक असतं तर निदान भेळ तरी सावकाश खाल्ली असती.

निरोप नीट घेतला की माणसं कशी वागतात, हे मुंबईत पाहायला मिळालं. 15 सप्टेंबर 2023 रोजी बेस्टची जुनी डबलडेकर शेवटची धावली. मुंबईत 1937 पासून असलेली गाडी. अंधेरीच्या आगरकर चौकापासून सीप्झपर्यंतच्या त्या फेरीसाठी गाडी सजवली होती आणि वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खिडकीसाठी पांढऱ्या केसांची माणसं शाळकरी पोरांना हटवत होती म्हणे. ज्यांचं सीप्झला काडीचंही काम नव्हतं, ते तिकीट काढून सीप्झला जाऊन आले. कामाशिवाय सीप्झला जाणं, याहून प्रेमाचा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत तर याच्या वरची तऱ्हा. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली स्प्लॅश माउंटन, म्हणजे ओंडक्याच्या होडीत बसवून कड्यावरून पाण्यात लोटून देणारी राइड, जन्माने 1989 ची, आमच्या एस्सेल वर्ल्डची समवयस्क. ज्या 1946 च्या सिनेमावर ती बेतली होती, त्यातल्या काळ्या माणसांच्या चित्रणावर फार आक्षेप होते, म्हणून डिस्नेने तिला नवं रूप द्यायचं ठरवलं. फ्लोरिडातली तिची धाकटी बहीण जानेवारी 2023 मध्ये बंद झाली, तेव्हा चाहते तासन्‌तास रांगेत उभे राहिलेच, शिवाय राइडचं पाणी बाटल्यांत भरून ऑनलाइन विकायलाही निघालं. आपण सीलबंद गडूत गंगा आणणारी माणसं, त्यामुळे मी हसलो नाही. उलट विचारात पडलो, की एस्सेल वर्ल्डचं काय भरून आणता आलं असतं? गोराईच्या खाडीचं पाणी? ती बाटली बायकोने उंबरठ्याच्या आत येऊ दिली नसती.

पण खाडीला पर्याय नाही, कारण आमच्यापैकी निम्म्यांचं एस्सेल वर्ल्ड खाडीवरच सुरू व्हायचं. भिवंडीकरांत दोन पंथ होते. बसपंथी म्हणायचे, खासगी बस ठरवा, अंजूरफाटा, कशेळी, कापूरबावडी, घोडबंदर रस्ता, मग भाईंदरहून उत्तनच्या बाजूने थेट फाटकापर्यंत. बोटपंथी म्हणायचे, भिवंडी-बोरिवली एसटी पकडा, बोरिवलीहून बेस्टने गोराई खाडी आणि पुढे बोट. बसने गेलेल्यांचं एस्सेल वर्ल्ड झालंच नाही, असं कट्टर बोटपंथी आजही मानतात. मी बोटपंथी. समुद्र म्हणजे काय हे कामवारी नदीच्या गावच्या पोरांना त्या दहा मिनिटांच्या खाडीवर कळायचं, आणि एकही राइड सुरू होण्याआधी दोघातिघांना मळमळून यायचं. बसपंथीयांची मळमळ मात्र कशेळीच्या पुलावर गाडी अडकली की तिथेच उरकत असे.

आत गेल्यावर भिवंडीचं वेगळेपण दिसायचं. खाली लूम चालू असताना वरच्या मजल्यावर पाढे पाठ केलेली ही पोरं. जमीन हादरणं, कानाला दडे बसणं, सगळं घरचंच. थंडर राइडमधून उतरल्यावर बाकीच्या शाळांची पोरं भिंत धरून उभी असायची, आमची भजी कुठे मिळतात ते विचारायची. एकदा कारखान्याची सहल गेली, तेव्हा लूम दुरुस्त करणारे जॉबर चाचा बरोबर होते. चाचांचं आयुष्य लूमच्या पोटात डोकं घालण्यात गेलेलं. प्रत्येक राइडजवळ जाऊन ते वाकून खाली बघत, कान लावत, आणि मग जाहीर करत, "ग्रीसिंग एक नंबर है." हा दाखला मिळाल्याशिवाय कांडीवाली पोरं रांगेत उभीच राहायची नाहीत. मॉन्स्टर्स इन द मिस्टमध्ये सगळे भुतांना पाहून किंचाळत होते, चाचा भूत कुठल्या मोटरवर पुढे सरकतं ते शोधत होते. बाहेर येऊन त्यांनी मला ते समजावूनही दिलं. तेव्हापासून मला भुतांची भीती वाटली नाही. मोटारींची मात्र वाटते.

पण खरी चाहती कोण म्हणाल, तर माझी मावशी. ती दर खेपेला यायची आणि एकाही राइडमध्ये बसायची नाही. प्रत्येक घोळक्यात असा एक जीव लागतोच, पिशव्या, चपला, चष्मे आणि धाकटं पोर सांभाळणारा. मावशी बाकावर बसायची, मांडीवर सगळ्यांची घड्याळं. आणि तरीही एस्सेल वर्ल्डच्या सगळ्यात रंगतदार गोष्टी तिच्याकडे. वर बसलेल्यांनी डोळे मिटलेले असतात. बघते ती खालचीच. कोणी आईला हाक मारली, कोणी कुठल्या देवाला किती नारळ कबूल केले, ही सगळी यादी तिला पाठ. हूला लूपमध्ये उलटे झालेल्या आमच्या काकांच्या खिशातून चिल्लर, तपकिरीची डबी आणि एक चिठ्ठी खाली पडली होती. चिल्लर आणि डबी तिने परत केली. चिठ्ठी काकूंना दिली. काकांनी कुणाकुणाचे पैसे उसने घेतले होते ते त्यात होतं. काका म्हणायचे, त्या राइडनंतर घरी जी फिरवाफिरव झाली तिच्यापुढे हूला लूप काहीच नव्हती.

अशा चाहत्यांना शेवटचा दिवस मिळाला असता तर? पहिल्यांदा एक समिती झाली असती. अध्यक्षपदावरून दोन गट पडले असते. कल्याण नाक्यावर फ्लेक्स लागला असता, त्यावर झिपर डिपर बोटभर आणि निरोप देणारे नेते हातभर. पद्मानगरचे तेलुगू बंधू, वंजारपट्टी नाक्याचे उर्दू शाळेतले गुरुजी, ब्राह्मण आळीतले आजोबा, सगळे एका बसमध्ये, आणि बस ठरल्या वेळेच्या दोन तास उशिरा निघालेली. गोराईला पोचल्यावर शाल-श्रीफळ कोणाला द्यायचं यावर खल. राइडला शाल पांघरली तर ती चाकात अडकेल, अशी हरकत जॉबर चाचांनी घेतली असती आणि ती मान्य झाली असती. मग तरफ ओढून राइड सुरू करणाऱ्या माणसाला शाल, सुरक्षेचा दांडा दोनदा हलवून बघणाऱ्याला श्रीफळ. एखाद्या वक्त्याने हा निरोप नव्हेच असं सांगत पाऊण तास निरोप घेतला असता. तोवर शेवटच्या बोटीची वेळ. त्यांच्या त्या गाजलेल्या जाहिरातीत घरी न जाण्याचा हट्ट होता, पण प्रत्यक्षात शेवटच्या बोटीच्या धाकाने अख्खी मुंबई मुकाट घरी जायची.

आणि त्या बोटीत दुसरीही माणसं असायची, हे विसरून कसं चालेल? उद्यानाच्या शेजारीच ग्लोबल विपश्यना पॅगोडा. 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नसलेला प्रचंड दगडी घुमट, आठ हजार माणसं एका वेळी डोळे मिटून बसतील एवढा. त्यासाठी जमीन दिली ती एस्सेल वर्ल्ड उभं करणाऱ्या सुभाष चंद्रांनीच. म्हणजे बघा, एका अंगाला लोक पैसे भरून किंचाळतायत आणि दुसऱ्या अंगाला लोक तोंड शिवून बसलेत, आणि दोघांनाही आणणारी बोट एकच. बोटीत मात्र कोण कुठला ते ओळखू यायचं. जाताना गडबड करणारे आमचे, शांत बसलेले त्यांचे. येताना मात्र उलट. आमचे पार गळून गप्प, आणि मौन सुटलेले पॅगोडावाले धक्का येईपर्यंत अखंड बोलत. विपश्यनेचा पाठ असा, की जे जे उपजतं ते ते सरतं. इतकी वर्षं शेजारी हेच शिकवत होता आणि आम्ही रांगेत पुढे घुसण्याच्या नादात कान दिला नाही.

तशी आम्हाला पाळणे जाण्याची सवय आहे. आमच्याच तालुक्यातल्या वज्रेश्वरीच्या जत्रेत आकाशपाळणा येतो, जत्रा सरली की त्याचे सांगाडे ट्रकवर चढतात आणि तो जातो. कुणाचे डोळे ओले होत नाहीत, कारण पुढच्या चैत्रात पाळणा परत असतो आणि त्याला पुन्हा पहिल्यासारखंच घाबरायचं असतं. एस्सेल वर्ल्डलाही मनातून आम्ही जत्राच समजत होतो बहुतेक. खोपोलीकडचं इमॅजिका 2013 मध्ये आलं तेव्हा भाचरं म्हणाली, हे त्याहून मोठं आहे. असेल. तिथे बोटीने जाता येतं का, एवढंच मी विचारलं, आणि विषय संपवला.

आता माझा एक तर्क आहे. मुंबईची जकात चुकवायला म्हणून आमच्या आजूबाजूला गोदामं उभी राहिली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, जिकडे बघाल तिकडे पत्र्याची लांबलचक छपरं. आत काय आहे ते रखवालदारालाही ठाऊक नसतं. देशातली वस्तू घरी पोचण्याआधी एकदा भिवंडीला मुक्काम करते, असं आम्ही अभिमानाने सांगतो. मग उद्या एस्सेल वर्ल्डच्या राइड उतरवून कुठे ठेवायची वेळ आली, तर त्या जाणार कुठे? पत्रा ठोठावून आवाज ऐकायला जॉबर चाचा तयार आहेत. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "सापडल्या तर सांग हो. पिशव्या धरायला येते."