फुरसतीची कार्यक्षम वसुली

फुरसत ही वाया घालवण्याचीच चीज आहे असे मानणारी पिढी आता नामशेष होत आली असून, तिच्या जागी आलेल्या पिढीने फुरसतीचेही अंदाजपत्रक मांडावे, तिची साप्ताहिक उद्दिष्टे ठरवावीत आणि ती पूर्ण न झाल्यास रविवारी जादा तास बसून भरून काढावीत, असा शिरस्ता पाडला आहे. या शिरस्त्याचा सर्वांत शुद्ध नमुना जीवन-अनुकरणाच्या व्हिडिओ खेळांत सापडतो. जीवन-अनुकरण म्हणजे ज्या खेळात कोणाला मारायचे नसते, कोणते युद्ध जिंकायचे नसते, फक्त घर मांडायचे, झाडे लावायची, मासे धरायचे आणि शेजाऱ्यांशी चार शब्द बोलायचे असतात; थोडक्यात, पडद्याबाहेर जे करायला वेळ मिळत नाही ते सगळे पडद्यावर करण्यासाठी वेळ काढायचा असतो.

या प्रकारातील मुकुटमणी म्हणजे निंटेंडो कंपनीचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’. त्याचा पहिला अवतार १४ एप्रिल २००१ रोजी जपानमध्ये आला. त्याचे जनक कात्सुया एगुची हे नोकरीसाठी चिबा सोडून क्योतोला आले, तेव्हा घरची माणसे आणि मित्र दुरावल्याची जी चुटपुट त्यांना लागली, तिच्यातून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. मार्च २०२० मध्ये, म्हणजे जगाला टाळे लागत असतानाच, ‘न्यू होरायझन्स’ हा त्याचा नवा अवतार बाजारात उतरला आणि त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. खेळाडूला एक निर्जन बेट मिळते, टॉम नूक नावाचा सावकार घरासाठी कर्ज देतो, आणि त्या कर्जाला व्याज नसते, मुदत नसते, की वसुलीसाठी दारात येऊन आवाज चढवणारा माणूस नसतो. जीवनाचे अनुकरण म्हणवणाऱ्या या खेळात जीवनापासून इतकी फारकत अन्यत्र कुठेही घेतलेली नाही. बेटावरची वेळ मात्र खऱ्या घड्याळाप्रमाणेच चालते: रात्री दुकान बंद होते, हिवाळ्यात बर्फ पडते, आणि आज मागवलेली वस्तू टपालाने उद्या येते. निर्मात्याचा हेतू असा की माणसाने रोज थोडे खेळावे आणि मग खेळाचे यंत्र बाजूला ठेवावे. हा हेतू किती भाबडा होता, हे क्रॉसओव्हर वस्तू आल्यावर कळले.

क्रॉसओव्हर वस्तू म्हणजे एका खेळाच्या किंवा व्यापारी घराण्याच्या जगातून दुसऱ्या खेळाच्या जगात पाहुणी म्हणून आलेली वस्तू. ‘सुपर मारिओ’ला पस्तीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने मार्च २०२१ पासून मारिओची टोपी, विटा, नाणी आणि हिरवे पाइप या बेटांवर दाखल झाले. असे दोन पाइप बेटाच्या दोन टोकांना मांडले की एकात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येते, म्हणजेच ज्या बेटावर जाण्यासारखे तातडीचे ठिकाण एकही नाही, तिथे लवकर पोचण्याची सोय झाली. त्याच महिन्यात सॅनरिओ या जपानी कंपनीच्या पात्रांवर बेतलेले सामान आले. सॅनरिओचे दैवत हॅलो किटी. १९७४ मध्ये जन्मलेली ही मांजर वस्तुतः मांजर नसून लहान मुलगी आहे, असा खुलासा कंपनीच्या वतीने २०१४ मध्ये झाला आणि जगभरच्या भक्तांना तो पचवावा लागला. खेळात तिच्या वेशात रिला नावाची गोरिला अवतरते, तर केरोप्पी या बेडकाच्या थाटात टोबी नावाचा ससा येतो. मांजर नसलेल्या मांजरीचा पेहराव केलेल्या गोरिलाची खुर्ची आपल्या दिवाणखान्यात असावी, यासाठी सुशिक्षित माणसे रात्र-रात्र जागतात. तेव्हा या वस्तू कार्यक्षमतेने कशा जमवाव्यात, याचे शास्त्र आता मांडणे भाग आहे.

पहिले तत्त्व कार्डाचे. सॅनरिओचे सामान मिळवण्यासाठी बेट, घर आणि पैसा असून भागत नाही, तर आमिबो नावाचे, पोटात बारीकशी चिप असलेले खरेखुरे पुठ्ठ्याचे कार्ड यंत्राला टेकवावे लागते. अशी कार्डे सहा. अमेरिकेत ती एकाच दुकान-साखळीकडे विक्रीस ठेवली गेली, पाहता पाहता संपली आणि लगेच चढ्या भावाने पुन्हा विकली जाऊ लागली. काल्पनिक सोफ्याचा काळाबाजार खऱ्या डॉलरांत करण्याचा मान अशा रीतीने एकविसाव्या शतकाला मिळाला. हैदराबादमधल्या नामपल्लीच्या संग्राहकाची वाट आणखी वळणाची आहे, कारण हे यंत्र आपल्याकडे बहुधा बाहेरून आणून विकणाऱ्या दुकानदारांमार्फतच मिळते आणि कार्डासाठी परदेशातला भाचा किंवा जवळच्या आबिड्सचा एखादा जाणकार दुकानदार गाठावा लागतो. भाच्याला खजूर किंवा चॉकलेट आणायला सांगणाऱ्या मावशीपेक्षा बेडूकवेषी सशाचे कार्ड आणायला सांगणारा मामा अधिक कार्यक्षम समजावा, कारण कार्डाला सामानात वजन नसते.

दुसरे तत्त्व मर्यादेचे. दुकानाच्या यादीतून एका रहिवाशाला दिवसाला पाचच वस्तू मागवता येतात. समजा, यादीत साठ वस्तू आहेत, तर बारा दिवस लागणार. आणि बारा दिवस थांबणे हे ज्या संयमाचे काम आहे तो असता, तर माणसाने यादीच केली नसती. यावर उपाय असा की एका बेटावर आठ रहिवासी राहू शकतात आणि प्रत्येकाची पाचाची मर्यादा स्वतंत्र असते. म्हणून रेशनकार्डावर नावे चढवावीत तशी घरातल्या एकेका माणसाची नावे बेटावर चढवावीत. अशा रीतीने ज्या आजींनी आयुष्यात कधी व्हिडिओ खेळ पाहिला नाही, त्या बेटावर तंबूत राहतात, रोज पाच गुलाबी उशा मागवतात आणि नातवाच्या नावे टपालाने रवाना करतात. संध्याकाळी त्या प्रत्यक्षात नातवाला हाक मारतात तेव्हा तो उठत नाही, कारण त्या वेळी तो आजींच्याच कामात असतो.

तिसरे तत्त्व घड्याळाचे. यंत्राचे घड्याळ एक दिवस पुढे ढकलले की उद्याचे टपाल आजच येते. या कृतीला खेळाडूंत कालप्रवास म्हणतात आणि ती नैतिक की अनैतिक, यावर त्यांच्यात शैव-वैष्णवांना शोभेल असा वाद आहे. घड्याळ मागे फिरवले तर साठवलेले सलगम लगेच कुजतात, अशी शिक्षा निर्मात्याने ठेवली आहे. पुढे फिरवणाऱ्याला अशी तात्काळ शिक्षा नाही, फक्त बेटावर महाशिवरात्र होऊन जाते आणि घरात अजून संक्रांतीचे तीळ भाजायचे असतात. या तिन्ही तत्त्वांचा मेळ घालण्यासाठी चौथे साधन लागते ते तक्त्याचे: वस्तूचे नाव, रंग, मागवल्याची तारीख, कोणाच्या नावे, आली की नाही. दिवसभर माधापूरच्या कार्यालयात तक्ते भरून थकलेला माणूस रात्री विसाव्यासाठी तक्ता भरतो आणि दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना सांगतो की काल फार निवांत गेला.

आता गंमत अशी की अनेक मुलखांच्या वस्तू एका कुंपणात आणून त्या मर्यादित दिवसांत जमवण्याचा उद्योग नामपल्लीला नवा नाही. तिथली नुमाइश, म्हणजे औद्योगिक प्रदर्शन, १९३८ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी सुरू केली, आणि त्यांचा हेतू मनोरंजनाचा नव्हता: संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती आणि तिच्यासाठी निधी हवा होता. ‘नुमाइश मसनुआत-ए-मुल्की’, म्हणजे देशी उत्पादनांचे प्रदर्शन, हे तिचे पहिले नाव आणि बाग-ए-आम हे पहिले ठिकाण. १९४६ मध्ये ती नामपल्लीच्या सध्याच्या मैदानावर आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच असल्यामुळे औरंगाबादचे हिमरू कापड आणि पैठणची साडी ‘मुल्की’ ठरे, तर पुण्याचे जरीकाम परदेशी. पुढे संस्थान गेले, प्रदर्शनाचे नाव अखिल भारतीय झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि बिदर म्हैसूर राज्यात गेले, आणि कालपर्यंत घरचे असलेले हिमरू आणि बिदरीकाम एका रात्रीत क्रॉसओव्हर झाले. त्यासाठी कोणालाही कार्ड टेकवावे लागले नाही. राज्य पुनर्रचना कायद्याने ते काम चिपेशिवाय केले.

नुमाइश साधारणपणे १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी चालते, म्हणजे शेहेचाळीस दिवस. कार्यक्षम संग्राहकाच्या दृष्टीने ही आदर्श मोहीम आहे: मुदत ठरलेली, मैदान सुमारे तेवीस एकरांचे, अजंता गेट, गांधी भवन आणि गोशामहल अशी प्रवेशद्वारे ठाऊक, मेट्रो दारात. त्याने यादी करावी (काश्मिरी शाल, लखनवी चिकनचा कुर्ता, राजस्थानी मोजडी, लोणचे), सर्वांत जवळचे दार निवडावे आणि तासाभरात बाहेर पडावे. परंतु या शास्त्राचा पराभव पहिल्याच शालीपाशी होतो. काचीगुड्याच्या काकू शाल हातात घेतात, उलटी करून टाके पाहतात, ती अंगठीतून जाते का हे विचारतात, जाते असे दिसल्यावर अंगठी मोठी असल्याची शंका घेतात, किंमत ऐकून शाल खाली ठेवतात आणि अगदी शांतपणे म्हणतात, “देना है तो बराबर बोलो भैया, नक्को तो नक्को.” भैया नक्को म्हणत नाही, तो चहा मागवतो. वीस मिनिटांनी काकू शाल न घेताच उठतात, चार दुकाने पुढे जाऊन तीच शाल तशीच पाहतात, आणि परतताना पहिल्याच दुकानात आधी सांगितलेल्या भावाला घेतात. या व्यवहारात भाव एका रुपयाने कमी झालेला नसतो, वेळ दीड तास गेलेला असतो, आणि काकूंचा चेहरा असा खुललेला असतो की कोणत्याही तक्त्यात त्याला रकाना नाही.

यादीतल्या बाकीच्या वस्तूंचे काय होते, हे कोणीच विचारत नाही, कारण तोवर मिरची भजीचा घाणा निघालेला असतो, छोट्या आगगाडीपुढे मुलांची रांग लागलेली असते, आणि पहिलीतला कोणी मुलगा हरवल्याची घोषणा ध्वनिक्षेपकावरून चाललेली असते. घरी येते ते वेगळेच: आल्याची साल काढण्याचे एक यंत्र, जे विक्रेत्याच्या हातात बिनतक्रार चालते आणि घरच्या आल्यावर चालत नाही. आर्थिक पाहणीसाठी उभा राहिलेला बाजार शुद्ध भटकंतीचे ठिकाण झाला आणि निव्वळ भटकंतीसाठी रचलेले बेट आर्थिक पाहणीचे कार्यालय झाले. या दोन्ही घटना परस्परांना न विचारता घडल्या, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यातही प्रदर्शनाचे उत्पन्न शिक्षणसंस्थांना जाते, मैदानाच्याच आवारात कमला नेहरू पॉलिटेक्निक आणि सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय ही उभी आहेत. म्हणजे काकूंच्या दीड तासातून कोणा मुलीची पदविका निघते. गोरिलाच्या खुर्चीतून काय निघते, याचा शोध चालू आहे.

२०२१ मध्ये करोनामुळे नुमाइश भरली नाही. जानेवारी कोरडा गेला, आणि मार्चमध्ये बेटावर मारिओचे पाइप व सॅनरिओच्या उशा आल्या. गर्दीला मुकलेल्या माणसाला घरबसल्या दुकान मिळाले, हा उपकार नाकारण्यात अर्थ नाही. एगुचींना क्योतोत जे हवे होते तेच त्या वर्षी सगळ्या जगाला हवे होते. दोष बेटाचा नसून, तिथे पोचताच माणसाने खिशातून जो तक्ता काढला त्याचा आहे. शेजारी दारात येऊन गाणे म्हणून दाखवत असतो आणि खेळाडू बटण दाबून त्याचे बोलणे पुढे पळवतो, कारण आजींच्या पाच उशा मागवायच्या राहिलेल्या असतात.

तरीही कार्यक्षमतेचे पुरस्कर्ते स्वस्थ बसणार नाहीत, हे गृहीत धरून त्यांच्यासाठी काही शिफारशी येथे करून ठेवणे इष्ट. प्रदर्शनाच्या प्रत्येक दारावर चिप टेकवण्याचे यंत्र बसवावे. दरडोई दिवसाला पाच वस्तूंची मर्यादा घालावी, म्हणजे आजी-आजोबांना प्रदर्शनाला नेण्याची जी परंपरा क्षीण होत आहे ती जोमाने पुनरुज्जीवित होईल. घासाघीस बंद करून शालीचा भाव पडद्यावर झळकावा आणि शाल दुसऱ्या दिवशी टपालाने यावी. एवढे केले की शेहेचाळीस दिवसांचे काम एका संध्याकाळी आटोपेल आणि उरलेले पंचेचाळीस दिवस नामपल्लीकरांच्या हाती मोकळे पडतील. ते कशात घालवायचे, याचीही चिंता नाही: २०२६ च्या जानेवारीत, नुमाइश ऐन भरात असताना, बेटावर लेगो, झेल्डा आणि स्प्लॅटून यांचे नवे सामान आले आहे, तक्त्यात रकाने रिकामे आहेत, आणि आजींच्या आजच्या पाच वस्तू अजून मागवायच्या आहेत.