ट्रिमवाले सर

लातूरच्या ट्यूशन एरियात फिजिक्सचे सर आहेत, बायोचे सर आहेत आणि त्या सगळ्यांच्या विद्यार्थी-याद्या साफ करून देणारे एक कॉम्प्युटरवाले सर आहेत. नांदेडला भाग्यनगरातही हा नमुना सापडतो; चष्मा वेगळा, खोड तीच. जीडब्ल्यू-बेसिक ही जुनी कॉम्प्युटरभाषा शिकवता शिकवता हे पोटापाण्याला लागले. त्यात कडेच्या मोकळ्या जागा कापायची तयार सोय नव्हती. मिड डॉलर, लेन आणि फॉर-नेक्स्ट लावून एकेक अक्षर तपासावं लागे. पुढे क्यूबेसिकमध्ये डावी-उजवी जागा कापणारं एलट्रिम-आरट्रिम आलं. "पोरायला आयतं मिळायलंय!" ही तक्रार तेव्हापासूनची.

सरांना मजकूर दिसत नाही, जागा दिसतात. लग्नपत्रिका हातात दिली तर मुहूर्ताआधी 'चि.'नंतरचे दोन स्पेस सापडतात. 'शिंदे' आणि शेवटी स्पेस पडलेले 'शिंदे' ही मशीनच्या लेखी दोन माणसं, हे ते चहावाल्यालाही समजावतात. मशीनमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो; साधी जागा ३२ नंबरची, ती ट्रिमनं जाते. पण वेबसाइटवरून चिकटून आलेली १६० नंबरची हलत नाही. तिच्याविषयी सर बांध कोरणाऱ्या भावकीविषयी बोलावं तसं बोलतात.

वर्गातला प्रश्न ठरलेला. "नांदेडमध्ये अक्षरं किती?" पोरं म्हणतात, तीन. "सहा! काना, अनुस्वार, मात्रा, सगळं वेगळं मोजायलंय ते." मग 'लातूर'चं पहिलं अक्षर कापून दाखवतात. पडद्यावर 'तूर'च्या आधी ठिपक्यांच्या गोलाला धरून नुसता काना उरतो, आणि लातूरची पोरं उगीच अस्वस्थ होतात.

पण आपल्याकडे खरी अडचण 'राव'ची. एका यादीत गंगाधर, दुसरीत तोच माणूस गंगाधरराव. ट्रिम मोकळी जागा कापतं, मान नाही. तेव्हा सरांनी एक्सेलच्या व्हीबीएत (तीही बेसिकचीच लेक) २३५२, २३६६, २३५७ हे 'राव'चे आकडे घालून फंक्शन लिहिलं: शब्दाच्या शेवटी हे तीन दिसले की उडवायचे. झकास चाललं. इतकं झकास, की सरांनी ते अख्ख्या फाइलीवर सोडलं. पुढच्या शीटवर यादी देणाऱ्या संस्थेचं वेळापत्रक आणि सभेचा वृत्तांत होता. 'सराव परीक्षा'ची 'स परीक्षा' झाली, सभेत एकमतानं 'ठ' मंजूर झाला आणि अध्यक्ष माधवराव नुसते माधव उरले.

बोलावणं आलं. सर गेले आणि लॉजिक कसं बरोबर आहे हे अध्यक्षांनाच पाऊण तास पटवत बसले. स्वतःचं बोलणं दोन्ही कडांनी कापायचं फंक्शन त्यांनी अजून लिहिलेलं नाही.

तरी तुमची यादी असेल तर बिनधास्त त्यांच्याकडे द्या. काम चोख, पैसे वाजवी. फक्त मूळ फाइलीची एक कॉपी घरी ठेवून जा.