जावयाची फळी

“बाई, आमच्या जावयांनी आणलेली फळी बघितलीत का हो?”

न बघितलेला माणूस शिरगावात उरलाय कुठे? काल रविवार, सुरूच्या बनात सहलीला आलेल्यांची ही गर्दी, आणि त्या सगळ्या गर्दीसमोर वहिनींचे जावई समुद्रात उभे राहत होते आणि पडत होते. पण वहिनींना पहिल्यापासून सांगायचं असतं, तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा तोडायच्या थांबवल्या आणि म्हटलं, “कसली फळी?”

वहिनी कुंपणाला अगदी चिकटल्या. “ती उभ्याने वल्हवायची. लेक ‘सप, सप’ म्हणत होती, मला वाटलं पाखडायला सूप मागतेय. आठ फूट लांब, पुढे टोकदार, दोन्ही टोकं वर वळलेली. गोव्याच्या कुणा मित्राकडून जुनी घेतली म्हणे. जावई वर उभे राहिले की फळी पाण्याखाली, आणि फळी वर आली की जावई पाण्यात. जावई पडले म्हणून हसता येईना, मी आपली पदर तोंडाला लावून किल्ल्याकडे बघत बसले.”

“आणि भाऊ?”

“ते हसले ना! चांगलं खो-खो हसले. रात्री पापलेट तळलं होतं, राज्यमासा झालाय ना तो २०२३ पासून, भावही राजासारखाच. पण जेवताना कुणी एक शब्द बोललं असेल तर शपथ.”

“त्यांचं वजन किती हो?”

“बाई! जावयाचं वजन विचारतात का?”

“फळीसाठी विचारतेय.”

वहिनींनी एकदा खिडकीकडे बघितलं. जावई अजून झोपलेले होते. “लेक म्हणते चौऱ्याऐंशी. येताना. जाताना काय असेल ते तुम्हीच समजा.”

मी आयुष्यभर पालघरला भूगोल शिकवला. आता निवृत्त आहे, पण कुणी काही विचारलं की हात अजून खडू शोधतो. इथे तर कुणी विचारलंही नव्हतं.

“ऐका. या फळ्यांचा हिशेब लिटरात असतो. लिटरभर पाणी बाजूला सारलं की किलोभर वजन तरतं, खाऱ्या पाण्यात थोडं जास्त. चौऱ्याऐंशीचे जावई, आठेक किलोची फळी, वल्हं, ओले कपडे, सगळं मिळून पंच्याण्णवच्या घरात गेलं. एवढी आखूड टोकदार फळी फार तर शंभर-एकशेदहा लिटरची. म्हणजे ती त्यांना तारते, पण जेमतेम. पाय चार बोटं सरकला की एक कड पाण्यात. मुरलेले लोक लाटांवर खेळायला अशीच घेतात, वजनाच्या आकड्यावर वीस-पंचवीस लिटर एवढीच. नवख्याने वजनाच्या दुपटीच्या आसपास धरावं.”

“म्हणजे मोठी घ्यावी. तेच तर! रात्री फोनवर चौदा फुटी बघत बसले होते. चौदा फूट, आणि रुंदी माझ्या चुलीच्या ओट्याएवढीही नाही.”

“ती शर्यतीची. कुठे बघितली?”

“मंगळूरचा व्हिडिओ दाखवला.”

मार्च २०२४ मध्ये मंगळूरला इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला, तमिळनाडूचा सेकर पच्चई त्यात चांगला गाजला, त्याचाच असणार. शर्यतीत साडेबारा आणि चौदा फूट या ठरलेल्या लांब्या. रुंदी पंचवीस इंचांच्या आसपास, नाक पाणी कापणारं. लांब आणि अरुंद, म्हणून सरळ रेषेत सुसाट जाते. पण बाजूने लाट लागली की उभ्या माणसाचे गुडघे लटपटतात, आणि फेसाळ लाट मागून आली की तिचं नाक पाण्यात घुसतं. पच्चईचं आयुष्य त्या फळीवर गेलंय. जावयांचं बोरिवलीतल्या खुर्चीवर.

“आधी आठ फुटी, आता चौदा फुटी,” वहिनी म्हणाल्या. “आणि दोन्ही दुसऱ्यांच्या समुद्रावरच्या.”

हे त्या सहज बोलून गेल्या, पण मुद्दा तोच होता. वहिनींचं माहेर सातपाटीचं, वडील तांडेल. होडीबद्दल त्या बोलायला लागल्या की मी मधे बोलत नाही.

“आमच्या सातपाटीची बांधणी वेगळी, वर्सोव्याची वेगळी. आमची नाळ टोकदार पण पोट रुंद. का? तर खाडीच्या तोंडाशी हा गाळ. भरती असेल तर आत या, नाहीतर बाहेर नांगर टाकून बसा आणि बर्फ वितळताना बघा. होडी टेकली तरी सरळ राहिली पाहिजे. बाबा म्हणायचे, सुतार होडी बांधतो पण मापं किनारा देतो. आणि या फळीला किनारा विचारलाच नाही कुणी.”

“मग मी सांगते किनाऱ्याचं,” मी म्हटलं, आणि शेवग्याची काठी घेऊन मातीत रेघा ओढायला लागले. वहिनी कुंपणावरून वाकल्या.

गोव्यात उधाणाच्या दिवशीसुद्धा भरती-ओहोटीत जेमतेम दोन मीटरचा फरक. मंगळूरला त्याहून कमी. मुंबईत तोच चार-साडेचार मीटर, आणि वर खंबातच्या आखातात दहाच्या पुढे. आपण मुंबईच्या वर, खंबातच्या खाली. त्यात आपला किनारा सपाट. त्यामुळे ओहोटीला शिरगावचा समुद्र एवढा आत जातो की पाहुण्यांना वाटतं आपण चुकीच्या गावी आलो. सकाळी जिथे जावई पडले तिथे दुपारी पोरं क्रिकेट खेळत होती.

“आणि लाटा?”

“लाटा दुरून येतात, पण येता येता थकतात. मुंबईसमोर समुद्राचा तळ तीनशे किलोमीटरच्या आसपास उथळच आहे. त्या तळाला घासत घासत लाट येते. दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद, म्हणून कर्नाटकात मुल्कीसारख्या ठिकाणी लोक खास लाटांसाठी जातात. आपल्याकडे दिवाळीनंतर पार शिमग्यापर्यंत बघा ना, गुडघ्याएवढी लाट आली तरी पुष्कळ.”

“पावसाळ्यात येते की घराएवढी.”

“तेव्हा कोण जातंय? १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद. होड्या शाकारलेल्या. तुमचे भाऊबंद समुद्रात जात नाहीत त्या दिवसांत बोरिवलीच्या माणसाने का जावं?”

वहिनींनी मान हलवली. मग मी मूळ रेघेवर आले. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की फुटते. उतार तीव्र असेल तर ती खोली एका झटक्यात येते आणि लाट कमानीसारखी वाकून धाडकन आदळते. तिच्या त्या उभ्या अंगावरून घसरायला वर वळलेली, बाकदार फळी लागते, नाहीतर नाक रुतलंच. आपल्या सपाट वाळूवर लाट वरच्या कडेपासून हळूहळू फेसाळत, सांडत येते. उभं अंग नाहीच तिला. तिथे बाकदार फळी पुढचं पाणी नुसतं ढकलत बसते. लाट खालून निघून जाते, फळी जागेवर. मग माणूस जोर लावायला वाकतो आणि पडतो.

“अगदी अस्सेच पडले!” वहिनी म्हणाल्या.

“म्हणून आपल्याकडे तळ सपाट हवा, पुढे थोडासा उचललेला. नाक गोल आणि रुंद. शेपटाकडेही रुंदी हवी, म्हणजे कमी जोराची लाटसुद्धा मागून उचलते. निमुळती शेपटी मोठ्या, वेगवान लाटेला पकड देते. ती आपल्याला काय करायची? लांबी दहा-साडेदहा फूट, रुंदी बत्तीस इंच. व्हिडिओत असली फळी कुणी दाखवत नाही, कारण ती दिसायला भोळी असते.”

हे भोळेपण मूळचंच आहे, असंही मी सांगून टाकलं. हवाईत वायकिकीच्या किनाऱ्यावर लाटांवर तरायला शिकवणारे लोक विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठाल्या फळ्यांवर उभे राहून वल्हवायचे. उंचावरून शिकाऊ माणसांवर नजर राहते आणि मागून येणारी लाट आधी दिसते. वायकिकीच्या लाटाही लांब, सौम्य. लेयर्ड हॅमिल्टनने पुढे याच प्रकाराने जगाला वेड लावलं, तो डोंगराएवढ्या लाटांवरचा. जावयांच्या फोनमध्ये तोच असणार. वायकिकीचे मास्तर शिरगावला आले असते तर त्यांनी भोळी फळीच उचलली असती.

“उभ्याने वल्हवायचं काय कौतुक,” वहिनी म्हणाल्या. “खाडीत आमचे काका होडी उभ्यानेच न्यायचे, बांबू रेटत. लंगोटीवर. त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही.”

“आता फिन,” मी म्हटलं.

“ते काय?”

“खाली शेपटाकडे पातं असतं, सरळ जायला. सुकाणूच समजा, फक्त न हलणारं. बहुतेक मोठ्या फळ्यांना नऊ-दहा इंचांचं देतात. आपल्याकडे पाणी मांडीपर्यंत वाटतं आणि पुढच्या पावलाला घोट्याशी येतं. पातं वाळूत रुतलं की फळी जागच्या जागी थांबते, माणूस मात्र पुढे जातो. त्यात डोल जाळ्यांचे खुंट, दोऱ्या, वाहून आलेली जाळी. आखूड, मागे झुकलेलं, वाकणारं पातं घ्यावं. अडकलं तर दोरी घसरून निघते. सरळ जायला थोडं जड जाईल, दर चार हातांनी बाजू बदलून वल्हवावं लागेल. चालतंय.”

वहिनींना आता प्रश्न सुचायला लागले होते. एवढं धूड बोरिवलीहून आणणार कसं? डहाणू लोकलला चढताना वल्हं घेतलेल्या माणसाला लोक जागा देतील का? मी म्हटलं, हवा भरायची मिळते. घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावते, हातपंपाने पंधराच्या दाबाला भरायची, सहा इंच जाड, दगडासारखी कडक होते. कड गोल आणि जाड असल्याने लाटेत ती चावा घेत नाही, वळणं तेवढी खास जमत नाहीत. आपल्या लाटेत वळायला वेळ तरी कुठे असतो? पण तिचा एक दोष मात्र मोठा. ती पाण्यावर उंच तरते आणि वारा धरते.

वारा म्हटल्यावर वहिनींचा चेहरा बदलला. “ते सांगा त्यांना. बाकीचं राहू दे.”

सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारपासून समुद्रावरून खारे वारे. दुपारी पाणी खडबडीत होतं, पण निदान वारा माणसाला घरी आणतो. सकाळी पाणी गुळगुळीत, मोह पडावा असं, आणि वारा मात्र बाहेर नेणारा. त्यात ओहोटी लागलेली असेल तर फळीवर उभा माणूस म्हणजे शीडच. मासळीच्या होडीला इंजिन आहे. यांना दोन हात, तेही कॉम्प्युटरवर बसणारे. म्हणून सकाळी जायचं तर चढत्या भरतीला, पाणी अर्ध्यावर आलेलं असताना. पूर्ण भरतीला, तीही उधाणाची असली तर, लाट वरच्या उभ्या वाळूवर आदळते. पायाला फळीची दोरी आणि अंगात जॅकेट हवंच. आणि वारा वाढला की फळीवर गुडघे टेकून बसायचं, उभं राहून शौर्य नाही दाखवायचं.

“चढती भरती कधी ते त्यांना कसं कळणार?” वहिनी म्हणाल्या. “फोनवर बघतील म्हणा. आम्ही तर तिथी धरायचो. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन.”

“मग त्यांना दशमी ते द्वादशीतला रविवार सांगा. साडेसात ते नऊला भरती पुरी होते, म्हणजे साडेचार ते सहाला पाणी अर्ध्यावर, आणि उधाणही नसतं.”

“साडेचारला? आमचे जावई?” वहिनींनी परत खिडकीकडे बघितलं. साडेआठ वाजले होते. “बाई, फळीचा आकार बदलता येईल हो, पण माणसाचा स्वभाव...”

“मग द्वादशीला बोलवा. सातच्या सुमाराला उतरले तरी चढत्या भरतीचे दोन तास हाताशी आहेत.”

थोडा वेळ आम्ही वाढवण बंदराकडे घसरलो. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हापासून या कुंपणावरच्या कुठल्याही गप्पा तिकडे गेल्याशिवाय राहत नाहीत. बंदर झालं की आपली वाळू राहील का, मासळी राहील का, यावर वहिनींचं आणि माझं मत एक आहे, पण भाऊंचं निराळं आहे, म्हणून ते हळू आवाजात बोलावं लागतं. मग वहिनी परत मूळ पदावर आल्या.

“पण हे सांगायचं कसं? सासऱ्याने हसून ठेवलंय. सासूने आकार शिकवला तर जन्मात यायचे नाहीत.”

“माझं नाव सांगा.”

“छे! शेजारणीकडून वजन काढलं असं होईल.” वहिनी विचारात पडल्या. “लेकीला सांगते. ती म्हणेल इंटरनेटवर वाचलं. माणसांनी सांगितलं तर चूक दाखवल्यासारखं होतं, फोनने सांगितलं की माहिती होते.”

“आणि ही आठ फुटी?”

“तिचीच तर पंचाईत. यांनी पहाटे उठून तिच्यावर सोडे वाळत घातलेत. म्हणतात, जमिनीवर तरी सरळ राहते का बघू. आता गोव्याच्या मित्राला परत द्यायची म्हटली तर वास...”

आतून दार वाजलं. वहिनींनी क्षणात पदर सावरला, माझ्याकडे डोळे मोठे केले आणि पाठ फिरवून एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या,

“उठलात का जावईबापू? झोप झाली ना? आले हो, आधी चहा टाकते. आणि मागच्या अंगणात इतक्यात जाऊ नका, ओलं आहे!”