बायलाइनचा हप्ता

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक मूल असं निघतंच, ज्याला गणित नको असतं, शास्त्र झेपत नाही, पण बोलायला कुणाला ऐकत नाही. अशांसाठी मुंबई विद्यापीठाने बीएमएम, म्हणजेच बॅचलर ऑफ मास मीडिया, काढलं. पुढे त्याचं बीएएमएमसी झालं. नावात अक्षरं वाढली, पण बहुतेक महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम राहिला विनाअनुदानितच, म्हणजे अनुदान पालकांनी द्यायचं. तेव्हा गणिताला भिऊन इकडे आलेल्या मुलाचं गणित आता पालकांनीच मांडलेलं बरं.

पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज धरू. त्यात फी आली, पुण्यातली कॉट बेसिसची जागा आली, मेस आली आणि ‘प्रॅक्टिकलला लागतोच’ म्हणून घेतलेला कॅमेरा आला, जो पुढे मावसबहिणीच्या लग्नात कामी येतो. १० टक्के व्याज, सात वर्षांची फेड, हप्ता सुमारे ८,३०० रुपये. शिक्षण चालू असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. प्रवेशासारख्या मंगलप्रसंगी इतकं खोलात जाऊ नये.

आता जमेची बाजू. पदवी मिळाली, दैनिकात ट्रेनी उपसंपादक म्हणून चिकटला. पगार पंधरा हजार धरू. हा आकडा कमी वाटला तर तुम्ही या धंद्यात नाही. जास्त वाटला तर नक्की आहात. हप्ता जाऊन उरले ६,७००. कॉटचे चार हजार, मेसचे तीन हजार. दुचाकीत पेट्रोल घालण्याआधीच ३०० रुपयांची तूट. सरकार मात्र दयाळू आहे. आयकरात या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळू शकते. फक्त आयकर भरण्याइतका पगार तेवढा आपला आपण मिळवायचा.

इथे कुणी आजोबा टिळक-आगरकरांचा दाखला देतातच. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा दोघांपैकी एकाकडेही मास कॉमची पदवी नव्हती, हे खरं. पण त्यांनी केलेली इंटर्नशिप कुणी लक्षात घेत नाही. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मानधन नव्हतं, पण निवास आणि भोजन मोफत होतं. आजच्या इंटर्नला यातलं काहीच मिळत नाही. सर्टिफिकेट मिळतं, तेही एचआरच्या मागे लागून.

अभ्यासक्रमात मात्र काही कमी नाही. बातमीचे सहा ककार शिकवतात: कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. ‘किती’ हा सातवा नेमणुकीच्या वेळी उपयोगी पडला असता, पण तो सिलॅबसबाहेर. शॅनन आणि वीव्हर यांचं प्रतिमान असतं: संदेश पाठवणारा, माध्यम, घेणारा आणि मधे येणारा गोंगाट. ते मुळात टेलिफोनसाठी सुचलेलं असल्याने बँकेला फार चपखल बसतं. पाच तारखेचा एसएमएस कसलाही गोंगाट न होता थेट पोचतो. वृत्तपत्रांतले पगार सुचवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळावर टीप लिहा, असा प्रश्नही येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या शिफारशी उचलून धरल्या, हे लिहिलं की परीक्षेत पाच गुण मिळतात. तेच वाक्य नोकरीत मोठ्याने म्हटलं की परीक्षा पुन्हा सुरू होते.

या पदवीत पैसा नाही असं मात्र कुणी समजू नये. भरपूर आहे, फक्त तो प्रेस नोट छापणाऱ्याकडे नाही, लिहिणाऱ्याकडे आहे. दोघं एकाच बाकावर बसून ‘वस्तुनिष्ठता’ शिकलेले असतात. एक पीआर एजन्सीत जातो किंवा नेत्याच्या वॉर रूममध्ये, आणि ‘ऐतिहासिक निर्णय’ असं टाइप करून पाठवतो. दुसरा रात्री साडेअकराला त्यातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून छापतो. गाडीत फिरतो तो पहिला.

राहिला तालुक्याला परत गेलेला. त्याच्या हाती ओळखपत्र येतं, पगार येत नाही. जाहिरातीवर कमिशन येतं. ते १५ टक्के धरलं, तर ८,३०० चा हप्ता भागायला महिन्याला साधारण ५५ हजारांच्या जाहिराती हव्यात. व्यवस्थापन त्याला बातमीचं टार्गेट देत नाही, वाढदिवस पुरवणीचं देतं. ६ जानेवारीला पत्रकार दिनी, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालून झाल्यावर, शाल आणि श्रीफळही मिळतं, बहुधा ज्याची पुरवणी काढली त्याच्याच हस्ते. शाल बँक तारण म्हणून घेत नाही.

वाढदिवसांची अडचण अशी की ते वर्षभर सारखे वाटून आलेले नसतात. शाळेत नाव घालताना गावोगावच्या गुरुजींनी दिसेल त्या पोराला १ जून ही जन्मतारीख चिकटवली. आपण मराठी पत्रकारितेची आर्थिक घडी बसवतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. एकाच दिवशी सरपंच, माजी सरपंच, बाजार समितीचे संचालक आणि भावी आमदार, सगळे जन्मले. जूनमध्ये पानं पुरत नाहीत, सप्टेंबरात कुणी जन्मत नाही, आणि बँकेचा हप्ता बाराही महिने जन्मतो.

शिवाय कमिशन छापून आल्यावर मिळत नाही, वसुली झाल्यावर मिळतं. म्हणून यंदा प्रवेश घेणाऱ्यांना एक सूचना, जी कुठल्याही सेमिस्टरला मिळणार नाही. ज्या अध्यक्षांकडून अर्ध्या पानाचे पैसे यायचे आहेत, त्यांना गावाबाहेरच्या खचलेल्या पुलाबद्दल विचारायचं झालं, तर ते पुलाच्या तब्येतीप्रमाणे नव्हे, चेकच्या तब्येतीप्रमाणे ठरवावं. आधी वटू द्यावा. पूल तोवर थांबला तर ती बातमी, नाही थांबला तर मोठी बातमी, आणि मोठ्या बातमीत श्रद्धांजलीच्या जाहिराती वेगळ्या.