लाल गोल

2021 च्या जूनमध्ये ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचा पहिला टप्पा ब्रेस्तहून लांदर्नोला निघाला. जवळपास 198 किलोमीटर, 184 सायकलस्वार. त्यातलं आपल्या वाट्याला काय आलं? एक पुठ्ठा.

रस्त्याकडेच्या प्रेक्षकाने धरलेला पुठ्ठ्याचा फलक आडवा आला, पुढचा धडकला, मागचे त्याच्यावर. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत, त्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर हे लोक पळतात. एक कोसळला की मागच्याला ब्रेक दाबायलाही जागा नसते. एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. वृत्तवाहिनीकडे अर्धं मिनिट नसतं. लाल गोल असतो.

पडद्यावर पुठ्ठा ढळढळीत दिसतोय, तरी पुठ्ठ्याभोवती गोल. गोल दिसला नाही तर? म्हणून गोलाकडे बाण. बाण नजरेतून सुटला तर? म्हणून तो लुकलुकणार. मग तेच दृश्य संथ गतीत, मागे भुताच्या सिनेमातलं संगीत. मग उलटं: पडलेले अलगद उठतात, मागे मागे जात सायकलवर बसतात, तेवढाच त्यांना दिलासा. खाली पट्टी, ‘विचलित करणारी दृश्यं’, आणि तुम्ही अजून विचलित झाला नसाल तर पुन्हा पहिल्यापासून. तिकडे ते बिचारे एकदाच पडले. आमच्याकडे रात्री नऊच्या बातम्यांपर्यंत पडत होते. दरम्यान स्टुडिओतले तज्ज्ञ सांगतात, सायकल चालवताना समोर बघावं. ज्यांनी शेवटची सायकल जिममध्ये चालवली, तीही मोबाइलमध्ये बघत, ते हे सांगतात.

टप्पा कोणी जिंकला? मीही सांगत नाही. उगाच सवय लागायची.

फाटक्या चड्डीत, सोललेल्या मांडीनिशी ही माणसं पुन्हा सायकलवर बसतात. तीन आठवडे, 3,400 च्या वर किलोमीटर. त्याभोवती गोल काढायला कुणाचा हात धजत नाही. अरे, निदान एक बाण तरी दाखवा! फ्रान्सचं जाऊ द्या, तो त्यांचा प्रश्न. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढताना पोरांच्या पायाचे गोळे दगड होतात, सगळ्यांत आधी वर पोचणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. या राजाचा चेहरा तुम्ही कधी बातम्यांत पाहिलाय? चूक त्याचीच. चढावर माणूस सहसा पडत नाही.