साठचा तो साठचा!

(पडदा वर जातो. रंगमंचाच्या मधोमध वायरला लटकलेला रिकामा होल्डर. खाली स्टूल. माणूस बल्बचे तीन-चार खोके घेऊन येतो, ते स्टुलावर ठेवतो.)

ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग असला की अर्धे प्रेक्षक खोपटहून चालत येतात आणि उरलेले अर्धे पार्किंग शोधत खोपटपर्यंत जातात. तेव्हा विषयही खोपटच्या घराघरातलाच घेतलाय. बल्ब. खोपटच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्ब घ्यायला आलेला माणूस एकच प्रश्न विचारतो, "किती वॅटचा?" हा प्रश्नच चुकलाय आणि त्यामुळे आपण गेली कित्येक वर्षं नको तिथे पैसे घालवतोय, नको तिथे वाचवतोय, एवढंच आज मला सिद्ध करायचंय. आता सिद्ध करायचं म्हणजे समोर विरोधी पक्ष हवा. म्हणून आप्पांना बरोबर आणलंय. आप्पा म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. एसटी डेपोच्या आसपास जेवढ्या सोसायट्या, तेवढे आप्पा. निवृत्त, चौदा वर्षं बिनविरोध सेक्रेटरी, आणि कॉमन पॅसेजच्या दिव्याचं बटण हीच हातात उरलेली सत्ता. त्यांचा पक्ष एका वाक्याचा आहे. (मान मागे, चष्मा कपाळावर) "ते तुमचं सगळं ठीक आहे हो. पण साठचा तो साठचा!"

बरं, साठ काय? साठ वॅट. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो त्याचं माप. उजेड किती देतो त्याचं नव्हे. मंडईत आपण कांदा कसा घेतो? "अहो, हा कांदा वाशीहून आणताना टेम्पोनं डिझेल किती खाल्लं? अर्धा लिटर? छे छे, आम्हाला दोन लिटरचा कांदा द्या. आमच्या घरात पहिल्यापासून दोन लिटरचाच!" (आप्पा) "दोन लिटरचा तो दोन लिटरचा!" भाजीवाला आपल्याला कांदा देणार नाही, लिंबूपाणी देईल. पण इलेक्ट्रिकच्या दुकानात हाच संवाद रोज होतो आणि कोणी हसत नाही. उजेडाचं माप ल्युमेन. जुना साठचा बल्ब साधारण सातशे ल्युमेन देतो. नऊ वॅटचा एलईडी आठशे-नऊशे देतो. म्हणजे कमी खाऊन जास्त काम. आपल्या कुटुंबात असा माणूस एकच असतो आणि त्याचंही कोणी कौतुक करत नाही.

मग साठातलं बाकीचं जातं कुठे? तारेचा बल्ब मिळालेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग दिसणाऱ्या उजेडात बदलतो. तीन वॅट उजेड, सत्तावन्न वॅट उष्णता. ठाण्यात! मे महिन्यात! पैसे भरून सत्तावन्न वॅटची शेगडी डोक्यावर टांगायची, मग ती उष्णता सहन होत नाही म्हणून पंखा पाचवर, आणि पंखा पाचवर गेला की गॅलरीतून ओरडायचं, "महावितरणचे मीटर पळतात!" हिशेब साधा आहे. साठचा बल्ब रोज पाच तास म्हणजे महिन्याला नऊ युनिट. नऊ वॅटचा एलईडी तेवढेच तास म्हणजे सव्वा ते दीड युनिट. एका बल्बमागे साडेसात युनिट, दर महिन्याला. आप्पांच्या घरात असे सहा आहेत. आणि हेच आप्पा सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या विजेवर चाळीस मिनिटं बोलतात.

(आप्पा) "म्हणून तर रात्री आम्ही झीरोचा लावतो!"

थांबा. इथे जरा थांबू या. झीरोचा बल्ब. मराठी घरातलं सर्वांत पवित्र यंत्र. पॅसेजमध्ये झीरो, देवघरात झीरो, बाळंतिणीच्या खोलीत झीरो. रात्रभर. का? तर झीरोचा आहे! झीरो म्हणजे काहीच खात नाही! आता मला सांगा, काहीच न खाता रात्रभर जागं राहणारं या विश्वात काय आहे? प्रत्यक्षात तो जुना तारेचा झीरो बारा ते पंधरा वॅट खातो. जुन्या तबकडीच्या मीटरला इतकी कमी वीज नीट पकडता येत नसे, म्हणून तो झीरो. म्हणजे तो उपाशी नव्हता, शेजारच्या ताटातलं खात होता आणि आपण त्याचा उपास म्हणून कौतुक करत होतो. आज घराघरात इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत. त्यांना सगळं दिसतं. पंधरा वॅट, आठ तास, तीस रात्री: तीन पूर्णांक सहा युनिट. आता गंमत ऐका. नऊ वॅटचा पूर्ण लखलखीत एलईडी संध्याकाळी सातला लावा आणि सकाळी सातपर्यंत अजिबात बंद करू नका. महिन्याचे किती? तीन पूर्णांक चोवीस. कमी! म्हणजे काटकसर म्हणून जो मनुष्य अंधारात चाचपडत, टीपॉयला करंगळी आपटत बाथरूमला जातो, तो उजेडात चालणाऱ्यापेक्षा जास्त बिल भरतो! (आप्पा, बराच वेळ गप्प. मग, खालच्या आवाजात) "पण... झीरोचा आहे ना?" अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प मिळतो, आप्पा. महिन्याला युनिटचा आठवा भागसुद्धा होत नाही. खरा झीरो तो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, तो टाळणार नाही. "आमच्या वेळचे बल्ब टिकायचे." आप्पा इथे इंटरनेटही वापरतात. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर नावाच्या गावी अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब पेटलेला आहे, हे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर सतरा वेळा पाठवलंय, सुप्रभातच्या फुलाखाली. बल्ब खरा आहे. पण तो आज चार वॅटच्या नाइट लॅम्पएवढा मिणमिणतो. तो टिकला कारण तो काम करत नाही. सरकारी ऑफिसात हा सिद्धांत फार पूर्वीपासून माहीत आहे. उलट, १९२४ साली जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या जिनिव्हात एकत्र आल्या, फीबस नावाची संघटना केली आणि बल्ब एक हजार तासांवर टिकता कामा नये असं ठरवलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! हजार तास म्हणजे रोज पाच तासांनी दोनशे दिवस. गणपतीत लावला की अक्षय्य तृतीयेच्या आत उडाला. आपली आठवण तेवढी टिकाऊ आहे, बल्ब नव्हता.

मात्र एलईडीवाले धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणणार नाही. खोक्यावर पंचवीस हजार तास. रोज पाच तासांनी साडेतेरा वर्षं! इथे खोपटमध्ये साडेतेरा वर्षांत इमारत रीडेव्हलपमेंटला जाते. आणि बल्ब दीड वर्षात डोळे मिचकावायला लागतो. का? कारण ते पंचवीस हजार त्या छोट्या पिवळ्या ठिपक्यांचे आहेत. बल्बच्या मानेत जे सर्किट बसवलेलं असतं, त्यातला कपॅसिटर उष्णतेनं आधी जातो. आणि तो बल्ब आपण कुठे कोंबतो? फॉल्स सीलिंगच्या बंद भोकात, जिथे वारा नाही. एलईडी कमी तापतो, पण ताप जायला वाट लागते. इंटीरियरवाल्यांशी माझं जुनं वैर आहे ते याच भोकांवरून. आठ बाय दहाची बेडरूम, छताला चौदा भोकं! झोपायचंय की विमान उतरवायचंय? तेव्हा उघड्या होल्डरला बल्ब लावा, बीआयएसचा मार्क बघा, वीजबचतीचे तारे मोजा, वॉरंटी वाचा आणि बिल जपा. बिल नसलं की दुकानदार तुम्हाला ओळखत नाही. काल ओळखत होता.

"महाग आहेत" हा आक्षेप आता आप्पाही घेत नाहीत. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली, वीजबिल दाखवून लोक बल्ब घ्यायला रांगेत उभे राहिले. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत जो एलईडी ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. देशात छत्तीस कोटींहून जास्त वाटले गेले. ठाणेकर रांगेत एकदा उभा राहिला की रांग कशाची आहे हे मागाहून विचारतो, त्याचा या आकड्याला हातभार असणारच.

राहिला रंग. पिवळा की पांढरा. यावरून घरं फुटतात. (आप्पा) "पांढरा म्हणजे जास्त उजेड!" अंशतः खरं. पांढऱ्या एलईडीच्या पोटात असतो निळा, त्यावर पिवळसर लेप. तो निळा दिवा तयार करण्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं, तिघांना. त्यातल्या नाकामुरांना त्यांच्या निचिया कंपनीनं बक्षीस दिलं होतं वीस हजार येन. दिवाळीचं पाकीट म्हणा ना. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये चौऱ्याऐंशी कोटी येनवर तडजोड झाली. बोनसवर नाराज असलेल्या सर्व डोंबिवली फास्टवाल्यांनी ही तडजोड खिशात ठेवावी. तर, लेप जाड केला की उजेड उबदार पिवळा होतो आणि ल्युमेन थोडे घटतात. थोडेच. तेवढ्यासाठी पासष्टशे केल्विनचा निळसर पांढरा दिवा देवघरापासून शेजघरापर्यंत लावायचा, ही हौस मला कळत नाही. पाहुणे येतात, सगळे आजारी दिसतात. स्वयंपाकघरात, मुलांच्या टेबलावर पांढरा ठीक. निजायच्या खोलीत सत्तावीसशेचा उबदार पिवळा घ्या. नाटकात घरातली संध्याकाळ दाखवायची तर प्रकाशयोजनाकार उबदार रंगच निवडतो. त्याला काही कळत असेल, नाही का?

(स्टुलावर बसतो. आप्पांचा आवाज न काढता.)

एक गोष्ट मात्र आप्पांच्या बाजूनं बोलायला हवी. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर, विशीतल्या डोळ्याच्या मानानं, साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. म्हणजे "हल्लीच्या दिव्यात दिसत नाही" ही कुरकुर नसते. त्यांना खरंच दिसत नाही. तो साठचा बल्ब लखलखीत होता, कारण तेव्हा आप्पा तीस वर्षांचे होते. आणि आपण काय करतो? हॉलमध्ये पाहुण्यांसाठी चौदा भोकं, आणि म्हातारं माणूस रात्री तीनदा जिथून जातं त्या पॅसेजमध्ये झीरो. जिथे पाय घसरतो तिथे काटकसर. त्यांच्या खुर्चीवर नऊचे दोन दिवे लावले तरी अठरा वॅट होतात, जुन्या एकाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. वीज वाचली म्हणून उजेडही वाचवायचा, हे कोणी सांगितलं?

(उठतो. आप्पा) "सांगितलं कोणी म्हणजे? मीच ठराव केलाय! एजीएममध्ये! पॅसेजला झीरो, सूचक मी, अनुमोदक मी!"

तर ठाणेकर हो, ठराव बदला. दुकानात वॅट विचारू नका, खोक्याच्या मागचे ल्युमेन वाचा. अक्षर बारीक असतं, आप्पांना वाचायला सांगणार असाल तर आधी त्यांच्या डोक्यावर चौदाशे ल्युमेनचा दिवा लावा. आणि बिल घ्या!