कुंकू लावलेली बॅटरी

'विकणे आहे. बॅटरी. धातू टायटॅनियम, वर्ण मूळचा निळा, बांधा सडपातळ, तीन वर्षं वापरलेली, स्थिती उत्तम.'

जाहिरात इथवर लिहून झाली आणि शेवटच्या शब्दावर पेन अडलं. जुनी बॅटरी विकणं आणि उपवर मुलाचं टिपण लिहिणं यांत फरक एवढाच, की बॅटरीचं गिऱ्हाईक भिंग लावून बघतं.

तंजावरातली नोकरी संपून माझी पुण्याला बदली झाली होती. सामानाची यादी करताना बायकोनं फोनवर विचारलं, "तिकडे बॅटऱ्या किती आहेत?" मी म्हणालो, "दोन." खरा आकडा सात होता. निदान एक तरी विकणं भाग होतं, आणि जी विकून चार पैसे येतील अशी ही एकच.

टायटॅनियम या धातूचं कौतुक त्याच्या गुणांपेक्षा जास्त आहे, हे मी पैसे मोजून शिकलो. पोलादापेक्षा तो हलका, हे खरं. पण साध्या बॅटऱ्या अॅल्युमिनियमच्या असतात, आणि त्याच्यापेक्षा हा दीडपटीहून जड. उष्णता वाहून नेण्यात तो अॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाही. त्यामुळे पूर्ण उजेडावर ठेवली की बॅटरीचं डोकं तापतं आणि शेपूट थंडगार राहतं. आटे एकमेकांवर कोरडे घासले तर किंचाळतात आणि मग चिकटून बसतात, म्हणून ते पुसून वरचेवर ग्रीस लावायचं. एवढं करून याचं खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत पडलेलं असतं. लहानपणी त्याच वाळूचे किल्ले मी फुकटात बांधले होते.

पण तो निळा! तो रंग मुळी रंगच नव्हे. धातू द्रावणात बुडवून वीज सोडली की वर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढाही नसलेला, आणि उजेड त्याच्या वरून आणि खालून परतताना निळा होऊन येतो. तीसेक व्होल्टला निळा. व्होल्ट वाढवत नेले की सोनेरी, गुलाबी. बोटाचं तेल लागलं तरी छटा बदलते, साबणाच्या पाण्यानं धुतली की परत येते. मी ती मऊ फडक्यात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवत असे. चष्मा उघड्यावर असे.

तिचा खरा उपयोग मी एकाच कामासाठी केला. बृहदीश्वराच्या प्राकारात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. दिवेलागणीला तिथे जाऊन भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड तिरका पाडायचा. समोरून झोत टाकला तर दगड नुसता पांढरा दिसतो. तिरका टाकला की प्रत्येक अक्षराला सावली फुटते. मी ओळभर वाचायचो आणि मागे गर्दी जमायची. लोक शिलालेख सोडून बॅटरीची किंमत विचारायचे.

दुर्दैवानं तोच तिरका उजेड बॅटरीवर पाडला की तिचे ओरखडेही असेच उमटतात. त्यातला क्लिपेखालचा एक माझा. बाकीचे घरमालकीण आजींचे.

आजींचं घर मेल वीदीजवळ. एकोजीराजांच्या मागून पूर्वज आले ते आलेच. घरात अजून मराठी बोलतात, पण तिची चाल तमिळ. पहिले सहा महिने त्या रागावल्यात की जेवायला बोलावतायत, हे मला कळत नसे. गेल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातलं लोखंड-पितळ सगळं अंगणात काढलं: विळी, अडकित्ता, नाच्चियारकोइलची समई, आणि डबीतून काढलेली माझी बॅटरी. मी बँकेतून आलो तोवर चिंच, विटेची पूड आणि काथ्या यांचं काम आटोपलं होतं.

"किती काळवंडली होती रे," आजी म्हणाल्या. "निळी पडली होती पार."

चिंचेनं टायटॅनियमचं काही बिघडत नाही. विटेच्या पुडीपुढे मात्र पापुद्रा टिकत नाही. अर्धी बॅटरी राखाडी, अर्धी निळी. दुसऱ्या दिवशी तिला चंदन-कुंकू लागलं आणि ते मुठीवरच्या खाचांत जाऊन बसलं. मी टूथब्रश घेऊन बसलो, तर आजी म्हणाल्या, "देवाचं लावलेलं घासतात होय?"

उरलेला निळा हिरव्या घासणीनं, एकाच दिशेनं हात फिरवत, मी स्वतःच काढला. सगळीच राखाडी असली तर त्याला 'नैसर्गिक पोत' म्हणता येतं.

गावातच कोणी घेईल म्हणून जुन्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चुंबक लावला, चिकटला नाही. नखानं टिचकी मारली. मग खात्रीनं म्हणाला, "ईयम." म्हणजे कथील, ज्याच्या चंबूत इथे रसम करतात. तो चंबू रिकामा विस्तवावर ठेवला तर वितळून जातो. बॅटरी चुलीजवळ ठेवू नका, असं त्यानं मला बजावलं. टायटॅनियम सोळाशेहून जास्त अंशांना वितळतं, हे मी मोडक्या तमिळमध्ये सांगू लागलो, तोवर त्यानं ती तराजूत टाकली आणि त्याचा चेहरा पडला. "कथील एवढं हलकं नसतं," तो म्हणाला. "भेसळ आहे." ऐंशी टनांचा म्हणून सांगतात तो दगड ज्या गावानं शिखरावर चढवला, तिथे हलकेपणाचे पैसे मागायला मी गेलो होतो.

शेवटी नागपूरच्या एका गृहस्थांनी फोटो मागवले. मी सगळ्या बाजूंनी पाठवले. लगेच प्रश्न आला: "मुठीजवळ लाल दिसतंय, गंज आहे का?"

"टायटॅनियमला गंज चढत नाही. कुंकू आहे."

बराच वेळ उत्तर नाही. मग: "दोनशे कमी करा."

आजींना आकडा सांगितला, तर त्या खांबाला टेकून खालीच बसल्या. एवढ्यात पुरुषभर उंचीची समई आली असती म्हणाल्या. तरी, खोकं बांधायला मी सुतळी शोधत होतो आणि दारात कुरियरवाला घाम पुसत उभा होता, तेव्हा बॅटरी माझ्याकडे नव्हती. ती गच्चीवर होती. आजी टाकीत वाकून पाणी किती राहिलं ते बघत होत्या.